वसुलीताई

धायरीच्या पुढे, जिथे रिक्षावाले परतीचंही भाडं मागायला लागतात, तिथे एका जुन्या रो-हाऊसच्या फाटकावर पाटी आहे : 'येथे कुत्री मिळत नाहीत.' पाटीच्या मागे सहा-सात दांडगी कुत्री उभी राहून ती पाटी खोटी पाडत असतात. याबद्दल विचारलं तर ताई म्हणतात, "मिळायला ती काय जिलबी आहे? इथे कुत्री मंजूर होतात."

ताईंची एकतीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात गेली. त्यातली शेवटची अकरा वसुलीत. माणूस दारात चपला कशा काढतो यावरून तो हप्ता भरेल की बुडवेल हे त्या सांगायच्या म्हणे. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना त्या एका थकबाकीदाराच्या बंगल्यावर जप्तीला गेल्या. कर्जदार आदल्या रात्रीच पसार झाला होता. पंचनाम्यात फ्रिज आला, सोफा आला, झुंबर आलं आणि शेवटी शिपायाने लिहिलं, 'कुत्रा, मोठा, केसाळ, नग १'. लिलावात बाकी सगळं गेलं. झुंबरसुद्धा गेलं. हा नग राहिला. तो ताईंनी रिक्षात घालून घरी आणला. रिक्षात तो बसला आणि ताई पायरीवर लटकत आल्या.

तो सेंट बर्नार्ड होता. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर, अडीच हजार मीटर उंचीच्या बर्फाळ खिंडीतल्या मठात ही जात घडली, आणि हा घडी बसवत होता धायरीत, एप्रिल महिन्यात. ताईंनी घरातला एकुलता एक एसी त्याला दिला आणि स्वतः गच्चीवर झोपल्या. "बुडीत कर्ज ते हेच," असं त्या अजून विजेचं बिल आलं की म्हणतात. पण तेव्हापासून मोठ्या जातीची, कुणालाच नकोशी झालेली कुत्री त्यांच्या फाटकाशी येऊ लागली. छोट्यांकडे त्या बघत नाहीत. "पर्समध्ये मावतं त्याला घर मिळतंच. साठ किलोचं जिवंत कर्ज घ्यायला कोण येतो, ते बघायचंय."

कुत्र्यांच्या वर्तुळात समोर सगळे त्यांना ताई म्हणतात आणि मागे वसुलीताई. त्यांना हे माहीत आहे. राग येत नाही, उलट जरा ताठ चालतात.

त्यांच्याकडे बँकेतलीच एक लाल कापडी बांधणीची लेजर आहे (ती बँकेतून कशी आली हे विचारायचं नाही). डाव्या पानावर कुत्रं : अंदाजे वय, वजन, रेबीज आणि बाकीच्या लशी, नसबंदी, टिक फीवर झाला होता का, माणसं चालतात का, मांजर चालतं का. उजव्या पानावर सोडणाऱ्याने दिलेलं कारण. हे उजवं पान मी एका दुपारी वाचत बसलो होतो. मराठी मध्यमवर्गाचा इतका खरा इतिहास दुसरीकडे लिहिला गेला नसावा. बदली झाली. सूनबाईंना दिवस गेले. मुलगा डॅलसला चालला. वास्तुवाल्याने ईशान्येला काळं जनावर नको म्हणून सांगितलं. लॉकडाऊनमध्ये घेतलं, आता ऑफिस सुरू झालं. एकाने तर लिहवलं होतं, 'एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं.' ग्रेट डेनबद्दल! त्याच्यापुढे ताईंनी लाल शाईत एकच शब्द लिहिला आहे : 'हेतुपुरस्सर.'

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारचं एक पत्रक निघालं. तेवीस 'हिंस्र' जातींची विक्री-पैदास बंद करा, आणि ज्यांच्या घरी आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्या, असा त्याचा मतलब. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ रॉटवायलर घेऊन फाटकाशी हजर. हातात वर्तमानपत्र. "ताई, सरकारनेच बंदी घातली हो, आमचा नाइलाज आहे." ताईंनी चष्मा लावून बातमी अथपासून इतिपर्यंत वाचली आणि वर्तमानपत्र घडी घालून परत दिलं. "सरकारने नसबंदी सांगितलीय. नातंबंदी नाही." गृहस्थ तरी कुत्रं ठेवून गेलेच. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं. ताईंनी त्या बातमीचं कात्रण त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावती आली, गृहस्थ आले नाहीत. पावती लेजरमध्ये टाचणीने लावलेली आहे.

घ्यायला येणाऱ्यांची तर आणखी तऱ्हा. कुत्रं बघायला येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी बघायला आल्यासारखा भाव असतो, म्हणजे आपण पसंत करणार आणि समोरचा धन्य होणार. एक जण म्हणाले, सेंट बर्नार्डच्या गळ्यात ते ब्रँडीचं पिंप बांधून मिळेल का, मुलाचा वाढदिवस आहे. ताईंनी त्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं की ते पिंप मठातल्या साधूंनी नाही, लँडसीअर नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८२० साली आपल्या चित्रात अडकवलं. लोकांनी चित्र पाहिलं आणि कुत्र्याला आयुष्यभराचं ओझं झालं. वाढदिवसाला केक आणा. पुढचा!

पुढच्याला फॉर्म मिळतो. चार पानी. दोन जामीनदार. हो, जामीनदार! कुत्रं ठेवून घेणाऱ्याला उद्या काही झालं, तर ते कुणाच्या घरी जाईल, त्याची सही. इथेच निम्मे गळतात. ताईंच्या मते ज्या माणसासाठी दोन माणसं सही करत नाहीत, त्याच्या भरवशावर कुत्रंच का सोडावं?

मग स्थळपाहणी. पूर्वसूचना न देता. सोबत शिंप्याची टेप. ग्रेट डेन नर खांद्यापाशी ऐंशी सेंटिमीटर आणि वर; जेवणाचं टेबल पंच्याहत्तर. म्हणजे टेबलावरची आमटी त्याला मान न उचलता दिसते, हे त्या घरच्यांना टेप लावून दाखवतात. कुंपणाची भिंत मोजतात, फरशी गुळगुळीत आहे का ते पायाने घासून बघतात. मालक तोवर आपलं प्राणिप्रेम सांगत असतो, लहानपणी आमच्याकडे वगैरे. ताई ऐकत नाहीत. त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासणाऱ्या मावशींशी बोलतात. साहेब चिडतात का? किती वेळा? निघताना वॉचमनशी. बँकेतली जुनी युक्ती : कर्जदाराची पत कर्जदाराला विचारायची नसते, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारायची असते.

तोंडी परीक्षेत दोनच प्रश्न. पहिला : जेवल्यावर त्याला काय कराल? 'फिरायला नेऊ' म्हणणारा नापास. या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट गॅसने फुगून स्वतःभोवती पीळ खातं, आणि मग काही तासांत खेळ आटोपतो. म्हणून जेवण थोडं थोडं दोनदा आणि त्यानंतर मुकाट विश्रांती. दुसरा प्रश्न : तुमचं आधीचं कुत्रं कसं गेलं? या प्रश्नाला जो नीट तारीखवार उत्तर देतो त्याच्याकडे ताई संशयाने बघतात. जो 'गेला' एवढंच म्हणून पंख्याकडे बघतो, त्याच्यासाठी चहा ठेवतात.

माणसांच्या बाबतीत एवढी कडक बाई कुत्र्यांच्या बाबतीत मात्र अजिबात व्यवहारी नाही. सोफा खाल्ला? "कंटाळला असेल." पोस्टमनची पिशवी फाडली? "खाकी रंगाचा काहीतरी पूर्वानुभव." पैदास करणाऱ्या एकाने वापरून टाकून दिलेली एक लॅब्रॅडॉर मादी त्यांच्याकडे होती. सडं लोंबलेली, कोपरांना घट्टे. सगळा जन्म पिंजऱ्यात गेल्यामुळे तिला जिना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. पैदासवाल्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, असा नियम २०१७ पासून आहे. ती त्यानंतर चार वर्षांनी आलेली. तिला तीन पायऱ्या चढायला शिकवताना ताई स्वतः हातापायांवर रांगत पायऱ्या चढून दाखवत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली बाई! मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "काय बघताय? आमचं ट्रेनिंग सेंटर आहे हे."

गेल्या वर्षी बंडू आला. ग्रेट डेन. (नावात डेन असला तरी जात जर्मन, डेन्मार्कशी त्याचा संबंध बॉम्बे डकचा बदकाशी आहे तितकाच.) जनावरांच्या दवाखान्याच्या फाटकाला कुणीतरी रात्री बांधून गेलं होतं. वजन अडतीस किलो, बरगड्या लांबून मोजाव्यात. ताईंनी भात, कोंबडीचे पाय, अंडी आणि दही यांच्या जोरावर पाच महिन्यांत त्याला अठ्ठावन्नावर नेला. स्वभावाने इतका भित्रा की कुकरची शिट्टी झाली की माणसामागे लपायचा. म्हणजे माणूस मध्ये आणि दोन्ही बाजूंनी बंडू दिसतोय. आणि त्याला टेकायची सवय. या जातीला असतेच. आपण उभे असलो की येऊन मांडीला अंग लावणार आणि हळूहळू सगळा भार सोडणार. माझ्या खांद्यावर त्याची लाळ पडली त्या दिवशी मी ठरवलं. घरी बोललो. ही म्हणाली, "विचारा." मी फॉर्म भरला. इतक्या वर्षांची ओळख, नुसता उपचार असेल असं वाटलं होतं.

ताई टेप घेऊन आल्या. चहा घेतला, पोहे घेतले. टेप काढलीच नाही. म्हणाल्या, "दुसरा मजला. लिफ्ट नाही."

"जिना रुंद आहे ताई."

"ही जात आठ-दहा वर्षं जगते. शेवटी मागचे पाय जातात. मग त्याला खाली कोण नेणार?"

"मी आहे की."

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. हिच्याकडे बघितलं. "गॅसचं सिलिंडर कोण उचलतं घरात?"

"हे ना? रिकामंसुद्धा पायाने ढकलत नेतात."

"बंडू म्हणजे भरलेली दोन," ताई म्हणाल्या आणि फॉर्मवर तिरपी रेघ मारली. नामंजूर. आमच्या लग्नात हिच्या मामांनी सुद्धा मला एवढ्या झटपट निकालात काढलं नव्हतं.

बंडूला पुढे स्थळं आली. मुळशीला फार्महाऊस असलेले एक बिल्डर आले, त्यांना गेटवर 'शोभेल असं' हवं होतं. वॉचमनने कच्चा रिपोर्ट दिला. एक इन्फ्लुएन्सर मुलगी आली, तिने आधी फोन काढला आणि मग कुत्र्याकडे बघितलं. आणि एका रविवारी वाईजवळच्या गावाहून एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले. पायात वहाणा, हातात कापडी पिशवी, पिशवीत ताईंसाठी शेतातले वाटाणे. आधीचं कुत्रं कसं गेलं विचारल्यावर ते पंख्याकडे बघू लागले. मग ओसरीवर खाली बसले. बंडू आला, हुंगलं, टेकला, घसरत घसरत त्यांच्या मांडीवर आडवा झाला आणि झोपला. ताई आत गेल्या, फोन घेतले, चहा केला. पाऊण तासाने बाहेर आल्या तर गृहस्थ तसेच. "पाय बदलायचा की हो," ताई म्हणाल्या.

"मुंग्या आल्यात मगाचधरनं," ते हळूच म्हणाले. "पण झोपलाय."

मी इतक्या वर्षांत ताईंना टेप न काढता, मावशींना न विचारता मंजुरी देताना तेवढं एकदाच पाहिलं.

न्यायचा कसा, हा प्रश्न आला तेव्हा ताईंना माझी गाडी आठवली. मागची सीट पाडली. बंडू चढेना, म्हणून आधी ताई मागे चढून बसल्या, मग तो त्यांच्यावर. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पैसे घेणाऱ्या मुलाने आत डोकावलं आणि दोन पावलं मागे सरकला. खंबाटकी घाटात बंडूने पुढे येऊन माझ्या डाव्या खांद्यावर हनुवटी ठेवली ती वाईपर्यंत. शर्टाची बाही पार कोपरापर्यंत भिजली. गिअर टाकताना मी शक्य तेवढा कमी हललो. मुंग्या आल्या.

दारात अंगण, एकच पायरी, पेरूचं झाड. कोपरांना घट्टे पडू नयेत म्हणून ड्रायव्हरसाहेबांनी त्याच्यासाठी नवारीची खाट आधीच विणून ठेवली होती. बंडू तिच्यावर चढला, खाट करकरली, तो घाबरून उतरला, पुन्हा चढला. ताईंनी पिशवीतून कागद काढले. ड्रायव्हरसाहेबांनी सही केली. पहिल्या जामीनदाराच्या जागी त्यांच्या पुतण्याने केली. दुसरी जागा रिकामी होती. गावात विचारलं तर लोक कुत्रा बघून नमस्कार करून जात होते.

ताईंनी पेन माझ्यापुढे धरलं.

"मी?" मी म्हणालो. "म्हणजे उद्या काही झालं तर बंडू माझ्याकडे?"

"हो."

"अहो, पण दुसरा मजला... लिफ्ट नाही..."

"ते कर्जदाराला बघतात," ताई म्हणाल्या. "जामीनदाराचा मजला बँक विचारत नाही. करा सही. आणि परत जाताना सीट पाडलेलीच राहू द्या, शिरवळजवळ एक हस्की घ्यायचाय."