आपली अशी एक स्टाईल

आमच्या लोहा गावात माणसाचा धंदा त्याच्या कपड्यांवरून कळतो, ओळखपत्र मागायची गरज पडत नाही. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरेच बूट दिसले की समजावं, हा निवडणुकीला उभा तरी राहणार आहे किंवा नुकताच पडलेला आहे. अंगाला ताणून बसलेला टी-शर्ट, गळ्यात साखळी आणि बगलेत पाऊच असेल तर प्लॉटिंगवाला. सफारी म्हणजे पंचायत समितीतून निवृत्त झालेला, पण चहाच्या वेळेला अजून तिथंच सापडणारा. धोतर, पटका आणि चोरखिशाची बंडी म्हणजे सातबारा अजून स्वतःच्या नावावर ठेवलेला म्हातारा. याच्याशी सगळे अदबीनं बोलतात, पोटची मुलं तर जास्तच. आणि चौकड्याचा हाफ शर्ट, खिशात दोन पेन, चॉकलेटी पँट आणि शर्टाची इन केलेली असली तर तो मास्तर.

मी मास्तर आहे.

या पोशाखाबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण 15 मार्च 2024 रोजी शालेय शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. शिक्षकांनी जीन्स आणि टी-शर्ट घालू नये, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी टाळावी, पुरुषांनी फिकट शर्ट आणि गडद पँट घालावी, शर्ट आत खोचलेला असावा. स्टाफरूममध्ये तरुण मंडळी चिडली. मी वेगळ्याच कारणानं दुखावलो. जे कपडे मी इतकी वर्षं एकट्याच्या नाइलाजानं घालत होतो, ते आता अख्ख्या महाराष्ट्राला सक्तीचे झाले होते. म्हणजे माझं स्वतःचं म्हणून जे काही होतं, तेही शासनानं जमा करून घेतलं. त्या दिवशी मी ठरवलं, नियमात राहून का होईना, आपली अशी एक स्टाईल पाहिजे. साधी, पण बघताच कळणारी.

मोबाईलवर या विषयाचे जाणकार भरपूर आहेत. सगळे पंचविशीतले, सगळ्यांची पोटं सपाट. त्यांचं पहिलं सांगणं असं की कपाट उघडा आणि जे तुम्ही स्वतःच्या आवडीनं घेतलेलं नाही ते बाहेर काढा. मी काढलं. कपाटात हँगर उरले.

ही गोष्ट मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. आमच्याकडं कपडे विकत घेत नाहीत, ते होतात. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला, साडूच्या पोराच्या बारशाला. कपाळाला कुंकू लागतं आणि हातात शर्टपीस पडतो. जवळचं नातं असेल तर शर्टपीस-पँटपीस, लांबचं असेल तर टॉवेल-टोपी. शर्टपीस एक मीटर साठ, पँटपीस एक मीटर वीस, हे माप साऱ्या बाजारपेठेत पक्कं आहे. ज्यानं कुणी ते ठरवलं त्यानं माझा घेर पाहिलेला नव्हता. आमचे टेलर टेप काढायच्या आधीच सांगतात, "सर, एवढ्यात तुमची फुल बाही निघत नाही." तेव्हा मी हाफ शर्ट घालतो तो आवडीनं नव्हे, एक मीटर साठच्या पुढं आहेर देणाऱ्याचा हात सुटत नाही म्हणून. आणि तो चौकड्याचा का असतो, याचं उत्तर आहेराचं कापड ठोकात घेणाऱ्या यजमानांनाच ठाऊक.

पलंगावर पडलेला ढीग बघून बायको दारातच थांबली.

"हे काय करायलात?"

"आवडीचे नसलेले कपडे काढून टाकायलोय."

तिनं एकेक उचलायला सुरुवात केली. "हा माझ्या मामेभावाच्या लग्नातला. हा कंधारच्या आत्यानं केलेला, त्या आता राहिल्या नाहीत. हा तुमच्या बहिणीच्या घरभरणीचा. हा तर तुम्हीच अहमदपूरच्या पाहुण्यांना दिला होता, फिरून आला. ह्यातलं कोणतं नातं आवडीचं नाही, तेवढं सांगा." मी सगळे शर्ट घड्या घालून परत ठेवले. नात्यातून बाहेर पडण्यापेक्षा चौकड्यात राहिलेलं बरं.

मग मी इतिहासाकडं वळलो. नवं काही जमेना की मास्तर इतिहासाकडंच वळतो. आमचा हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान 1937 साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला, तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. आणि हा गृहस्थ अंगावर काय घालायचा, तर चुरगळलेला सदरा-पायजमा आणि वर्षानुवर्षं तीच मळकी तुर्की टोपी. लिंबाएवढा जेकब हिरा त्याला वडिलांच्या जुन्या जोड्यात सापडला आणि त्यानं तो टेबलावर कागद दाबायला ठेवला, असं सांगतात. नांदेडच्या कापड गिरणीला त्याचं नाव होतं, उस्मानशाही मिल, पण गिरणीच्या मालापेक्षा टोपी जास्त टिकली. मला हे फार पटलं. सर्वांत श्रीमंत माणूस जुनं घालतो, मीही जुनं घालतो, म्हणजे निम्मी स्टाईल झालीच होती. उरलेल्या निम्म्याला हिरा लागत होता.

घरातच दुसरं उदाहरण होतं, पण ते मी हिशेबात धरलं नाही. माझी आई गेली साठ वर्षं नऊवारी इरकल नेसते. काठ-पदर ठरलेला, नेसण ठरलेली, आरशाची गरज नाही. लग्न असो, शेत असो, बँक असो, तीच बाई तशीच दिसते. बँकेतला नवा साहेब तिला बघून खुर्चीतून उठतो. मला बघून तो पासबुक मशिनकडं बोट दाखवतो. पण आईला जाऊन 'तुझी स्टाईल काय' असं विचारणं शक्य नव्हतं. तिनं "ताप आलाय का" म्हणून कपाळाला हात लावला असता.

शेवटी खादी ठरली. आणि खादीसाठी नांदेडइतकं चांगलं गाव दुसरं कुठलं? स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं उभी राहिलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिथं आहे. तिथं आपला राष्ट्रध्वज तयार होतो आणि ध्वजाचं कापड उदगीरच्या केंद्रात विणलं जातं. ज्या हातांनी ध्वजाचं कापड विणलं त्यांच्याच शेजारच्या मागावरचं कापड आपल्या अंगावर, या कल्पनेनं दुकानात शिरतानाच माझी पाठ ताठ झाली. पांढरं शुभ्र कापड घेतलं. मोजून नाही, मागून घेतलं, फुल बाही निघेल एवढं. दुकानातल्या माणसानं बजावलं, "शिवायच्या आधी रात्रभर भिजवा, आटतं." टेलरनंही तेच सांगितलं. पण नवं कापड पाण्यात बुडवायला जीव होईना. मग टेलरनं आपला शहाणपणा वापरला आणि सगळीकडून चार बोटं ढिला शिवला. घातल्यावर आरशात मी आणि माझ्यासोबत शर्टात आणखी कुणीतरी उभं असल्यासारखं दिसलं. पण पांढरा, साधा, फुल बाहीचा. माझा.

पहिल्या दिवशी बसस्टँडपर्यंत जाईस्तोवर आत्मविश्वास टिकला. तिथं पानपट्टीवाल्यानं हात जोडून विचारलं, "सर, कोन्या वार्डातून?" पुढं एक माजी विद्यार्थी मोटारसायकल उभी करून जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, कोन गेलं?" शाळेत एका पालकानं रेशनकार्डाचं काम पुढं केलं. मी मास्तरच आहे म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "आता तसंच म्हनावं लागतं, सायेब." दुपारपर्यंत गावात दोन गटांनी मला आपापला मानलं आणि तिसऱ्यानं नमस्कार घेणं बंद केलं. तोपर्यंत मी फक्त शर्ट बदलला होता. पक्ष बदलणाऱ्यांचं काय होत असेल?

तरी मी चिकाटीनं तो घालत राहिलो, पाण्यात मात्र अजून बुडवला नव्हता. मार्गशीर्ष उतरणीला लागला आणि माळेगावची यात्रा आली. लोहा तालुक्यातल्या या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, कुत्री, सगळ्यांचा बाजार भरतो. लांबलांबचे व्यापारी येतात, तमाशाचे फड लागतात. तिथल्या पशुप्रदर्शनात मी लाल कंधारी वळूसमोर बराच वेळ उभा राहिलो. शिंगापासून शेपटीपर्यंत एकच गडद लाल रंग, अंगावर दुसरा डाग नाही, आणि चेहऱ्यावर 'बघायचं तर बघा' असा भाव. स्टाईल म्हणतात ती हीच, असं मनात येतं न येतं तोच देवस्वारी आली.

पांढरे कपडे घालून खंडोबाच्या पालखीसमोर उभं राहू नये, हे तालुक्यातल्या लहान पोरालाही कळतं. ते मलाही कळत होतं. पण गर्दीला ते कळवायला वेळ मिळाला नाही. 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर झाला आणि चहूबाजूंनी भंडारा उधळला गेला. पांढरा माणूस दिसल्यावर लोकांनाही हुरूप आला असावा. बाहेर पडलो तेव्हा मी नखशिखांत हळद झालो होतो. एका म्हाताऱ्यानं माझ्याच पाया पडायला सुरुवात केली, वाघ्या समजून.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "ठेवा तसाच, आई बघतील." पण मी विज्ञान शिकवतो. मी शर्ट बादलीत टाकला, वर धुण्याचा सोडा सढळ हातानं घातला आणि घुसळला. बादलीतलं पाणी बघता बघता लालभडक झालं. तेव्हा कुठं मला आठवलं की हळद हा आम्लारीचा दर्शक आहे, आणि हळदीच्या कागदावर सोड्याचा थेंब टाकून तो लाल करून दाखवायचा प्रयोग मीच दरवर्षी मुलांकडून करून घेतो. आमच्या वर्गात कुणाचा कागद लाल झाला नाही तर मी छडी आपटतो. इथं छडी आपटायला कुणी नव्हतं. मग उलट प्रयोग म्हणून लिंबं पिळली. शर्ट पुन्हा पिवळा झाला. प्रयोग यशस्वी, शर्ट नापास. एवढ्या घुसळण्यात एक मात्र झालं, ठिपक्याठिपक्यानं पडलेली हळद सगळ्या कापडभर सारखी पसरली.

"त्याला उन्हात टाकावं," आई ओसरीतून एवढंच म्हणाली. सकाळी शाळेत जाताना मी शर्ट दोरीवर दिसेल तसा लटकवून गेलो. संध्याकाळी आलो तर आईच्या मांडीवर घडी होती. शर्ट उघडला आणि मी बघतच राहिलो. हळद उन्हानं खाल्ली होती. पांढरा नाही, पिवळा नाही, जुन्या पोथीच्या पानासारखा एकसारखा मऊ रंग. पाण्यानं कापड आटलं होतं, ते बरोबर टेलरनं ठेवलेली चार बोटं गिळून. फुल बाही मनगटाच्या थोडी वर आली होती, मुद्दाम दुमडल्यासारखी. खळ गेली होती, कापड अंगाला धरून बसत होतं.

शाळेत गेलो. कुणी वार्ड विचारला नाही. कुणी गेलं का, हेही नाही. पानपट्टीवाला म्हणाला, "सर, भारी दिसायलाव." स्टाफरूममध्ये त्याच चिडलेल्या तरुण मंडळींनी कापड चिमटीत धरून पाहिलं. मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून विचारलं, "हा रंग कुठं मिळतो?" रंग फिकट होता, इन केलेली होती, म्हणजे शासनही खुश. मी खुर्चीत रेलून बसलो आणि म्हणालो, "मिळत नाही. करावा लागतो."

इथं थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण कौतुक अंगात भिनलं की माणूस शिकवायला लागतो, आणि मी तर पगारच त्याचा घेतो. दोन सहकाऱ्यांनी खादी आणून दिली. मी टेलरला चार बोटं सांगितली, हळद तोलून घेतली, सोडा मोजला, लिंबं पिळली, सगळी कृती वहीत लिहून काढली. शर्ट दोरीवर टाकले आणि शाळेत गेलो. चैत्रातलं नांदेड जिल्ह्याचं ऊन, त्यात काय उणं पडणार? आई तेव्हा बहिणीकडं लातूरला गेली होती.

संध्याकाळी शर्ट काढले. उन्हाकडची बाजू फिकट झाली होती. सावलीकडची बाजू, म्हणजे पाठ, जशीच्या तशी झेंडूसारखी पिवळी. दोरीच्या घडीत दबलेल्या जागी पोटावर आडवा पट्टा, कंडक्टरच्या बॅगेचा असतो तसा. आईला फोन लावला. ती म्हणाली, "आरं, घटकाघटकाला पालटायला लागतं ते. त्या दिवशी दुपारभर मी तेच तर करत बसले होते. तुला काय वाटलं, ऊन आपल्या आपण पाठीमागं जातं?"

सहकाऱ्यांनी माझ्यावरच्या विश्वासानं ते शर्ट घातले. इन केल्यामुळं पोटावरचा पट्टा पँटीत गेला, पण पाठ कुठं खोचणार? मुख्याध्यापकांनी दोघांना आणि सूत्रधार म्हणून मलाही केबिनमध्ये उभं केलं. ड्रॉवरमधून शासन निर्णय काढून एकदा वाचला. मग आम्हाला समोरून पाहिलं, मागं वळायला सांगितलं, पुन्हा समोर वळवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"समोरून तुम्ही दोघं नियमात आहात," ते म्हणाले. "आज फळ्यावर लिहू नका."