वाढत्या अंगाचं

आमचे वडील शिंप्याशी एकच वाक्य बोलत. "वाढत्या अंगाचं शिवा." की माझी खाकी चड्डी गुडघ्याखाली चार बोटं उतरलीच म्हणून समजा. पहिलं वर्षभर तीच मला घालून शाळेत जायची. दुसऱ्या वर्षी मी तिला घालून जायचो. तिसऱ्या वर्षी बैठक विरली की मागे दोन गोल ठिगळं बसत. त्याला वर्गात 'चष्मा' म्हणत. निम्मा वर्ग मागून चष्मेवाला, त्यामुळे कोणी कोणाला हसत नसे. गणवेशाने समता येते म्हणतात, ती मी अशी आलेली पाहिली आहे.

पुढे मीच झेडपीच्या शाळेत मास्तर झालो. गणवेशाने मुलांचं व्यक्तिमत्त्व दडपतं का, यावर शहरातले पालक तावातावाने भांडतात. आमच्या गावात त्यावर एकच प्रश्न असतो: "गुरुजी, आला का?"

सरकारी हिशोब असा की एका गणवेशाला ३०० रुपये, वर्षाला दोन, म्हणजे ६००. त्यातच कापड, शिलाई आणि बटणं. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती शिंप्याला चहा पाजून त्यात बसवायची. मग 'एक राज्य, एक गणवेश' निघालं आणि २०२४-२५ला कापड वरून आलं, शिलाई महिला बचत गटांकडे गेली. त्या बायांनी आमची पोरं पाहिली कुठे होती? कागदावर जे माप आलं, ते त्यांनी शिवलं.

पंधरा ऑगस्ट उलटून गेल्यावर आमच्याकडे गठ्ठा आला. सोडला, आणि वर्गाचा आठवडी बाजार झाला. दुसरीतल्या पोराचे हात बाहीतून बाहेरच येईनात. तो तसाच, बाह्या हलवत, हजेरीला "हजर" म्हणाला. सातवीतल्या धिप्पाड मॉनिटरने शर्टात डोकं घातलं आणि आतून ओरडला, "सर, ओढा!" दोघांनी ओढलं तेव्हा मॉनिटर बाहेर आला. एका पोराची आजी पँट उभी धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, ही याच्या आज्जाला नेऊ का? त्येला बसंल."

त्याच वर्षी आम्हालाही नियम आला. १५ मार्च २०२४चा शासन निर्णय: शिक्षकांनी जीन्स, टी-शर्ट घालायचे नाहीत, पुरुषांनी शर्ट खोचायचा. जीन्स माझ्याकडे नव्हतीच. खोचणं मात्र जिवावर आलं. तीस वर्षं सदऱ्याच्या आड सुखाने नांदलेलं पोट एका दिवसात चारचौघांत आलं. शिवाय त्याच निर्णयाने नावामागे मराठीत 'टि' लावायची सोय झाली, शिक्षक म्हणून. मी हौसेने फळ्यावर लिहिलं. एका पालकाने वाचून विचारलं, "टि म्हणजे तुकाराम का हो?"

डिसेंबर २०२४मध्ये शासनाने माघार घेतली आणि गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा समित्यांकडे आला. सगळ्या राज्याचं माप एकाच टेपने घेता येत नाही, हे आमच्या शिंप्याने आधीच सांगितलं होतं, पण त्याला विचारतो कोण.

जूनमध्ये तो टेप गळ्यात घालून शाळेच्या ओट्यावर बसला. एकेका पोराला समोर उभं करून, नाव न विचारता, "हा अमक्याचा ना? याचा बाप आठवीत एकदम वाढला," असं म्हणत आकडे लिहीत होता. शेवटचं पोर गेल्यावर मीही पुढे झालो. म्हटलं, "खोचायची पँट शिवायचीय, कमरेत जरा नीट बघ."

त्याने टेप गुंडाळला, आकडा वहीत लिहिला आणि नम्रपणे विचारलं, "वाढत्या अंगाचं धरू ना, गुरुजी?"

आत दोन बोटं कापड सोडलंय त्याने. दिवाळीत उसवावं लागेल.