आजोबांविषयी ना हरकत

नातवंडासह परदेशी निघालेल्या आजी-आजोबांच्या सामानातील सर्वांत जड वस्तूचे वजन विमानतळावरील काट्यावर कधीच नोंदले जात नाही. ही वस्तू म्हणजे संमतीपत्र. अर्थात आपले अठरा वर्षांखालील अपत्य अमुक दिनांकापासून तमुक दिनांकापर्यंत त्याच्या सख्ख्या आजी-आजोबांबरोबर परदेशी गेल्यास आपली काही हरकत नाही, असे आईवडिलांनी मुद्रांकावर लिहून आणि नोटरीपुढे सही करून दिलेले निवेदन. मुद्रांक म्हणजे सरकारने किंमत छापलेला कागद (महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या मुद्रांकाची अनेक कामे पाचशेच्या मुद्रांकाकडे गेली). आणि नोटरी म्हणजे १९५२ च्या कायद्यान्वये सह्या साक्षांकित करण्याचा अधिकार मिळालेली, बहुधा वकील असलेली व्यक्ती, जिचे टेबल न्यायालयाच्या आवाराबाहेर झेरॉक्सच्या दुकानाला टेकून मांडलेले असते आणि जिचा शिक्का मजकूर वाचण्यापूर्वीच शाईत बुडालेला असतो.

या कागदाचे तात्त्विक समर्थन निर्दोष आहे. लहान मुलांची तस्करी होते, विभक्त झालेल्या जोडप्यांतील एक जण मूल घेऊन देश सोडतो, आणि त्यामुळे मुलाबरोबरच्या वडीलधाऱ्यांची चौकशी करणे हे सीमेवरील अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरते. अभ्यासकाचे लक्ष खिळते ते त्या कागदाच्या मजकुरावर, कारण त्यात बहुधा असे एक वाक्य असते की, ‘सदर इसम हे माझे वडील असून मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो.’ ज्या इसमाने दहा वर्षे या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर, गणिताचे गुण पाहून दीर्घ श्वास घेत, पालक या नात्याने सही केली, त्या इसमाला हे प्रशस्तिपत्र मिळते. व्यक्तिशः ओळखणे या संज्ञेची व्याप्ती कायद्याने स्पष्ट केलेली नसली तरी व्यवहारात तिचा अर्थ असा दिसतो की, रात्री दहाला कार्यालयातून परतणारा मुलगा आतल्या खोलीतील खोकला ऐकून ‘बाबा जागे आहेत’ एवढे अचूक सांगू शकतो. त्या बाबांच्या रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, हा प्रश्न मात्र नोटरीही विचारीत नाही.

त्यातही वडिलांकडचे आजोबा भाग्यवान म्हणावे लागतात. मराठी नामपद्धतीत मधले नाव वडिलांचे असल्याने नातवाच्या मधल्या नावातून मुलगा आणि मुलाच्या मधल्या नावातून आजोबा सिद्ध होतात, म्हणजे वंशावळ पासपोर्टातच छापलेली असते. आईकडच्या आजी-आजोबांची अवस्था वेगळी: लग्नानंतर लेकीचे मधले नाव बदललेले, आडनाव बदललेले आणि काही घरांत तर पाटावर तांदळात लिहून पहिले नावही बदललेले असल्यामुळे, ज्या आजोळी मूल जन्मले, बाळसे धरले आणि पहिले पाऊल टाकले, ते आजोळ कागदोपत्री त्याचे कोणीही लागत नाही. लेकीचा जन्मदाखला, तिचा विवाहनोंदणीचा दाखला आणि प्रसंगी नावबदलाचे राजपत्र जोडून हा पूल बांधावा लागतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचेही नाव लिहिण्याचा नियम राज्याने केला, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यानेही आईच्या वडिलांपर्यंत पोहोचता येत नाही.

येथे लेखनाचा संयम थोडा सुटला तर तो विषयाचा दोष मानावा. वर्षाचे तीनशेपन्नास दिवस हेच मूल सकाळी साडेसहाला स्कूलबसपर्यंत कोण नेते, डब्यातील परत आलेली भाजी कोण मुकाट्याने खाते, एकशे दोन ताप असताना मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कोण ठेवते, आणि आईवडील ‘महत्त्वाच्या मीटिंग’मध्ये असताना पालकसभेत लाकडी बाकावर गुडघे मुडपून कोण बसते, यासाठी कोणीही कधी संमतीपत्र मागितलेले नाही, किंबहुना आजी-आजोबांची संमती घ्यावी, हा विचारही कोणाच्या मनाला शिवलेला नाही! सून किंवा लेक परदेशी बाळंत होणार असली की साठी उलटलेली बाई डिंकाचे लाडू आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन एकटी सोळा तासांच्या विमानात बसवली जाते, सहा महिने बर्फाळ गावात तान्हे सांभाळते, आणि त्या वेळी तिचे मूल सांभाळण्याचे सामर्थ्य जगातील सर्व यंत्रणांना मान्य असते. पाळण्याजवळ जी पात्र, ती आठ दिवसांच्या स्वित्झर्लंडसाठी संशयित कशी ठरते? शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच परवान्यासाठी, बारा वर्षांखालील मुलांना बोटांचे ठसे माफ आहेत. आजीला ते द्यावे लागतात, आणि काचेवर चार वेळा दाबूनही यंत्र ते वाचत नाही, कारण बोटांवरच्या ज्या रेषा यंत्राला हव्या असतात त्या भांड्यांत आणि दुपट्यांत झिजलेल्या असतात. ‘आजी, जरा जोरात दाबा’, असे खिडकीतून सांगितले जाते. आणखी किती जोरात?

प्रत्यक्ष प्रवासात बहुधा असे घडते की, सात झेरॉक्स प्रतींसह प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेले हे संमतीपत्र कोणी उघडूनही पाहत नाही. काचेपलीकडचा अधिकारी आजोबांकडे बोट दाखवून नातवाला विचारतो, हे कोण? नातू मोबाइलवरून नजर न काढता ‘आबा’ म्हणतो आणि शिक्का पडतो.

परत आल्यावर पासपोर्ट कपाटात जातात, चॉकलेटे शेजाऱ्यांत वाटली जातात, आणि संमतीपत्र टाकून द्यावे असे मुलगा सुचवितो. आजी ते देत नाही. त्या कागदावर, ‘माझ्या आईवडिलांवर माझा पूर्ण विश्वास आहे’, असे मुलाने स्वतःच्या सहीने लिहून दिलेले असते, आणि घरात हे वाक्य यापूर्वी तोंडीसुद्धा कोणी उच्चारल्याचे तिला आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून कागद लॅमिनेट करून आणते; लॅमिनेट केलेला कागद कोणतीही खिडकी स्वीकारत नाही, हे दुकानदाराने बजावूनही.