उपग्रह फुकट, रील्स महाग

जालन्याहून राजूरच्या गणपतीला निघालेल्या गाडीत एक तक्रार हमखास ऐकू येते : "मॅप लावला अन् नेट संपलं!" आरोपी म्हणून थेट जागा दाखवणारा अमेरिकेचा उपग्रह उभा केला जातो. तो बिचारा सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश फुकट पाठवत असतो. आपला फोन ते नुसते ऐकतो. रेडिओ ऐकल्याचं कुणी बिल भरतं का? आपल्या इस्रोची 'नाविक' ही उपग्रह यंत्रणाही तशीच, बिनपैशाची. डेटा लागतो तो नकाशाची चित्रं आणि रहदारीची खबर उतरवायला, तोही तासाला मोजकेच एमबी. दिवसाचा दीड जीबी कुठं गेला, हे मागच्या सीटवर रील्स बघणाऱ्या मेहुण्याला विचारायला हवं. पण मेहुण्यावर बोट कोण ठेवणार? उपग्रह निदान उलटून बोलत नाही.

बरं, समृद्धी महामार्गावर, जिथं नाकासमोर जायचं असतं, तिथं आम्ही मॅप लावून बसतो. घनसावंगीकडच्या एखाद्या पांदणीत, जिथं खरी गरज, तिथं नेमकी रेंज गायब. गाडी काळ्या मातीत रुतलेली असते आणि फोन निवांतपणे सांगत असतो, "डावीकडे वळा." याच तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास देशभर पायी हिंडले, तेही रिचार्जविना.

आपल्याला ते झेपायचं नाही. तेव्हा निघण्याआधी घरच्या वायफायवर जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवा. नेट बंद असलं तरी तो रस्ता दाखवतो. पांदणीपुरतं मात्र बांधावरच्या माणसालाच विचारा.