वाघ दिसला का?

तालुका केळापूर, तहसील कचेरी पांढरकवड्यात. नाव एकाचं, कारभार दुसऱ्याचा. राजधानी हातची गेल्याचं दुःख आम्हाला कुणी शिकवू नये.

केळापूरला गर्दी होते ती नवरात्रात, जगदंबेला. देवी काय वर्षातून नऊच दिवस घरी असते?

तर अशीच एक हातची गेलेली जुनी राजधानी बघायची म्हणून वणी-वरोरा मार्गे भद्रावती गाठायची. वाटेत कोळशाचे ट्रक. निघताना शर्ट पांढरा असतो, पोचताना चर्चेचा विषय.

भद्रावती म्हणजे जुनं भांदक. ही राजधानी कुणाची? जैमिनी अश्वमेधातल्या यौवनाश्वाची, असं गावकरी छातीठोक सांगतात. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग इकडच्या, म्हणजे दक्षिण कोसल देशात आला. राजा बौद्ध, विहार शंभर, भिक्षू दहा हजारांच्या जरा आत, असं सगळं मोजून लिहून गेला.

राजधानीचं नाव तेवढं लिहायचं राहिलं.

झालं! विद्वानांची पोटापाण्याची सोय झाली. कुणी म्हणालं भांदक, कुणी चांदा, कुणी वैरागड, कुणी थेट छत्तीसगडातलं सिरपूर. एका नावावर एकमत झालं असतं तर परिसंवाद कशावर घेतले असते?

विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. डोंगराच्या पोटात सरळ शिरत जाणारी अंधारी वाट, आणि शेवटी बसलेला बुद्ध. त्याच्यावर मोबाइलचा टॉर्च पडतो. तथागत दिसले की टॉर्च बंद, कॅमेरा पुढे, आणि बुद्धाकडे पाठ करून सगळे हसतात.

ऑक्टोबरात मात्र इकडे माणसं श्रद्धेनं येतात. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तिथल्या सोहळ्याला येणारे कित्येक जण वाट वाकडी करून विजासनला टेकतात. त्यांना राजधानी कुणाची याच्याशी देणंघेणं नसतं. बुद्ध आहे ना? पुरे.

गावात भद्रनाग आहे, त्याची नागपंचमीला, महाशिवरात्रीला जत्रा. केसरिया पार्श्वनाथ आहे, तिथे धर्मशाळा आणि भोजनशाळा. इतिहासाचं काही का असेना, जेवणाची आबाळ नाही.

आणि आयुध निर्माणी आहे! बुद्ध आणि पार्श्वनाथ शेजारी नांदतात त्या गावात देशाचा दारूगोळा तयार होतो. अहिंसेला संरक्षण नको का?

एवढं सगळं असून पुण्या-मुंबईच्या गाड्या इथे थांबतात त्या चहाला. पुढे मोहर्लीचं गेट, ताडोबा, जिप्सी, हजारोंचं बुकिंग. पहाटे उठून, गारठून, चार तास झुडपांकडे बघायचं आणि संध्याकाळी घरी फोनवर सांगायचं, ‘पगमार्क दिसले.’

इकडचा बुद्ध बुकिंगशिवाय, हमखास, शतकानुशतकं एकाच जागी बसलेला. पण साइटिंगमध्ये तो धरत नाहीत.

आम्ही तरी काय वेगळे? विजासन बघून पांढरकवड्याला परतलो, तर पानठेल्यावर पहिला प्रश्न, ‘‘काय भाऊ, वाघ दिसला का?’’ नाही म्हटलं तर भाऊंचा चेहरा पडला.

‘‘मग एवढ्या लांब कायले गेले? टिपेश्वरचं जंगल नव्हतं का इथं?’’