मे महिन्यातला थ्री-पीस

मे महिन्याच्या घामात कोकणातल्या तळेऱ्याच्या नवरदेवाने लोकरी थ्री-पीस शिवावा, यात दूरदृष्टी आहे. लोकर थंड मुलुखाची, हा आक्षेप मान्य. पण इथूनच गगनबावड्याचा रस्ता फुटतो, वरात चुकून घाटात शिरली तर? सुती अस्तर घाम टिपते म्हणे. टिपत असेल, पण पॉलिस्टरचे चकाकते, आणि फोटोत चकाकीच येते. शिंपी निवडावा तो ट्रायलला ‘हात वर करा’ न म्हणणारा. हार घालताना काख उसवली तर फार तर वधूने मान खाली घालावी. ती तशीही घालायची असतेच. पुढे पावसाळ्यात सुटावर बुरशी धरते, म्हणजे सूट एकदाच घालायचा हे निसर्गालाही पटते. माप घेणारा शिंपी मात्र पंख्याखाली बनियनवर बसलेला असतो. त्याला कपड्यांतले काय कळणार!