एकतारी

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे बदलतात. मी मासेमारीचा रॉड हाताने बनवायला घेतला. कार्बनची पोकळ नळी, तिच्यावर नऊ कड्या, आणि प्रत्येक कडीचा पाय नायलॉनच्या दोऱ्याने गच्च आवळलेला. दोऱ्यावर इपॉक्सीचा हात मारला की झालं, असा माझा समज होता.

इपॉक्सीत दोन जाती. घट्ट इपॉक्सी एकाच हातात काचेसारखा जाड थर देतं. पातळ इपॉक्सी दोन-तीन हात मागतं, पण त्यातले बुडबुडे आपसूक वर येऊन फुटतात, थर सहसा ओघळत नाही आणि रॉडचं वजनही फार वाढत नाही. हे सगळं नीट समजून घेऊन मी घट्ट घेतलं. एका हातात उरकणारं काम सोडवत नाही.

रेझिन आणि हार्डनर समसमान घ्यायचे. मी अंदाजाने ओतले. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जरा सढळ हाताने. आमटी खारट झाली तर बटाटा तरी टाकता येतो. इथे दोघांची गाठ मोजूनमापून बसते. एकाला जोडीदार कमी पडला की तो कायमचा चिकट राहतो. चार दिवसांनी रॉडवर तीन चिलटं, एक डास आणि शेजारच्या मांजरीचे केस होते. खरवडलं.

मग औषधाच्या दुकानातून सिरिंजा आणल्या. माप चोख, पण थरात जागोजाग गोल खळगे. सिरिंजच्या दट्ट्याला सिलिकोनचं वंगण असतं, त्यावर इपॉक्सी बसत नाही. अशा खळग्यांना रंगकामात ‘फिश आय’ म्हणतात. रॉडवर मासा येण्याआधी त्याचे डोळे आले. शिवाय दोऱ्याला आधी प्रिझर्व्हर लावायचा असतो, तो मी लावला नव्हता. हौसेचा पिवळा दोरा इपॉक्सी पिऊन मळकट झाला. पुन्हा खरवडलं.

तिसरा प्रयोग ठाण्यात, मे महिन्यात. वाटीत ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने झटकन आळतं, म्हणून ते ॲल्युमिनियम फॉइलवर पसरलं. धूळ उडू नये म्हणून पंखा बंद. “हळू ढवळ, फेस येतोय,” आई दारातून म्हणाली. साठ वर्षं रव्याच्या लाडवांचा पाक केलेली बाई; मी ऐकलं.

थर ओघळू नये म्हणून रॉड तासन्‌तास फिरता ठेवावा लागतो. त्याला मोडक्या मायक्रोवेव्हची, थाळी फिरवणारी मोटर लावली. सुरू होताना ती डावीकडे जाईल की उजवीकडे, हे तिच्या मर्जीवर. मध्येच वीज गेली आणि अर्धा तास मी घामाघूम होऊन रॉड हाताने फिरवत बसलो. वीज आल्यावर मोटर उलटी फिरू लागली आणि मला डुलकी लागली.

जाग आली तेव्हा आई रॉडपाशी उभी होती. अंगठा आणि तर्जनी थरावर टेकवून तिने तार काढून पाहिली होती.

“एकतारी झालाय,” ती म्हणाली. “उतरव आता.”

रॉड आता खडखडीत वाळलाय. तिसऱ्या कडीखाली आईच्या अंगठ्याचा ठसा आहे, रेषान् रेषा मोजता येईल असा. हाच अंगठा रेशनच्या मशिनवर उमटत नाही. बोटं झिजलीत म्हणून तिला दर महिन्याला ताटकळत बसवतात.

पुढच्या महिन्यात ती रॉड घेऊन जाणार आहे.